गोफणीला कोणता फासा

"दादा, तू कधी खरी तलवार हातात धरली आहेस का?"

विचारून झालं. ठिणगीनं मान खाली घातली नाही, हे महत्त्वाचं. टेबलाखाली टकळीनं तिच्या पायावर पाय दाबला. पैज तिचीच होती. आठवडाभर शाळेच्या जिन्यावर 'विचारशील? छे, तू कसली विचारतेस' हेच चाललं होतं, आणि शिडीनं मध्ये हात घालून दोघींचे हात सोडवले होते, म्हणजे आता माघार नाही.

दादा पुठ्ठ्याच्या आडोशामागं बसला होता. त्या आडोशामागं नकाशे असायचे, राक्षस असायचे, आणि कुणाचं पुढं काय होणार तेही असायचं. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि त्याच्या जगात जगायचं. म्हणून खेळात तो सूत्रधार. त्यानं हातातला फासा सावकाश खाली ठेवला.

"नाही बुवा," तो म्हणाला. "तू कधी मेली आहेस का?"

"नाही."

"पण तुझी रानमांजर मेलीच ना? व्यवस्थित मेली. मला मरायचा काडीचा अनुभव नसताना."

टकळी हसली. पैज लावणारीच हसली. शिडीनं पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि बाटलीतच खुसखुसली. ठिणगीच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण तिनं चेहरा हलू दिला नाही. हसू देत. आज हसून घेऊ देत सगळ्यांना.

ते टेबल काच कापायचं होतं. तिच्या बाबांचं काचेचं दुकान, वर घर. आठवड्याच्या सुट्टीला दुपारभर टेबल मुलांचं. काच घसरू नये म्हणून टेबलावर जाड लोकरी कापड ताणून बसवलेलं होतं, त्यामुळं फासे पडले तरी आवाज व्हायचा नाही, नुसते थांबायचे. भिंतीला टेकून उभ्या काचा, प्रत्येक दोन काचांमध्ये वर्तमानपत्राचा कागद, आणि सगळीकडं काच बसवायच्या लांबीचा तेलकट वास. बाबांची अट एकच: खेळा, भांडा, पण कोपर काचेकडं जाता कामा नये.

दादा तिचा आतेभाऊ. आत्याची नोकरी बदलीची, म्हणून आठवीपासून तो यांच्याकडेच वाढला. इतिहास घेऊन पदवीधर झाला आणि आता बाबांबरोबर दुकानात काच कापत होता. गिऱ्हाईक आलं की बाबा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "पुढं हाच बघणार सगळं." तेव्हा दादा काच पुसत राहायचा. पुसलेलीच काच परत.

आणि आठवड्यातून एक दुपार तो जगाचा मालक असायचा.

रानमांजर, ठिणगीचं खेळातलं पात्र, वर्षभर जगली होती. ठिणगीनं तिला पहिल्या दिवसापासून वाढवलं होतं: एक कान फाटका, पाठीला कातडी पिशवी, हातात गोफण. तलवार नको, धनुष्य नको. खेळात हत्याराचा घाव किती लागतो हे फाशावर ठरतं. तलवारीला दहा बाजूंचा फासा, म्हणजे एका घावात दहापर्यंत जखम. गोफणीला चार बाजूंचा. कितीही नशीब फळफळलं तरी चारच्या वर जाणं नाही. तरी रानमांजरीनं लांडगे पळवले, दरोडेखोराचे दात पाडले, एकदा तर धावत्या रथाच्या घोड्याला अडवलं. आणि मग पूल आला.

पुलावर लोखंडी सरदार उभा होता. दादाचं लाडकं पात्र. त्याच्या तोंडून बोलताना दादाचा आवाज खाली जायचा आणि खांदे रुंद व्हायचे. रानमांजरीनं पुलाच्या अलीकडून दगड मारला, लागला. परत मारला, परत लागला. पुन्हा एकदा.

"टण् असा आवाज झाला," दादा म्हणाला होता.

"आणि?"

"आणि काही नाही. लोखंड आहे ते. गोफण म्हणजे शेतातली पाखरं हाकलायची वस्तू गं. जरा इतिहास वाच."

मग सरदारानं तलवार फिरवली आणि दहा बाजूंच्या फाशावर नऊ पडले. दादा आडोशावरून डोकावून म्हणाला, "गेली बिचारी पाखरं हाकलायला." त्या दिवशीही टकळी हसली होती.

ठिणगीनं इतिहास वाचला. जरा नाही, भरपूर वाचला. वाचनालयातल्या बाई शेवटी विचारायला लागल्या, कसला प्रकल्प आहे बाळ? पुढच्या सुट्टीला ती टेबलापाशी उभी राहून बोलली. जुन्या फौजांमध्ये गोफणवाल्यांच्या तुकड्याच्या तुकड्या असायच्या. शिरस्त्राण शाबूत राहायचं आणि आतलं डोकं फुटायचं. म्हणजे गोफणीला निदान आठ बाजूंचा फासा हवा.

दादानं सगळं मन लावून ऐकलं. मानही डोलावली.

"बरोबर आहे तुझं. पण खेळात समतोल नको का? दगड फुकट मिळतो. फुकटच्या हत्याराला मोठा फासा दिला तर तलवार घेईल कोण?"

ती वर जाऊन विचार करून आली. मग दगड नको, शिशाच्या गोळ्या घेऊ. ओतून घ्याव्या लागतात, महाग पडतात. झाला समतोल?

"समतोल झाला," दादा म्हणाला, "पण भर जंगलात शिसं वितळवणार कशात? प्रत्यक्षात असं नसतं ना होत."

म्हणजे ती इतिहासाच्या दारानं शिरली की दादा समतोलाच्या दारात आडवा, आणि समतोलाच्या दारानं गेली की इतिहासाच्या दारात. दोन्ही दारांच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला. त्या रात्री ठिणगीनं उशीला जे काही ऐकवलं ते उशीनं कुणाला सांगितलं नाही म्हणून बरं. तिला रानमांजर परत नको होती आता. तिला दादाचा पडलेला चेहरा बघायचा होता. सगळ्यांसमोर, आणि जवळून.

टेबलाचा आणखी एक नियम होता, तोही दादाचाच: करून दाखव. त्याची सुरुवात टकळीपासून झाली. दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन चाकू फेकता येतात, असा तिचा दावा होता. दादानं तिच्या हातात दोन चमचे दिले. एक चमचा छतावरच्या पंख्याला लागला आणि दुसरा तिच्या स्वतःच्या पायावर. त्यानंतर कुणाला हत्याराबद्दल काही बदलून हवं असलं की दादा हात बांधून म्हणायचा, "करून दाखव," आणि समोरची व्यक्ती खाली बसायची. वाद मिटवायचं ते त्याचं हुकमी औषध होतं.

"तलवार मी नाही धरली," दादा आता म्हणत होता, "पण नियम काय आहे आपला?"

"करून दाखव," शिडी आणि टकळी एका सुरात म्हणाल्या.

"मग? आहे कुणाला काही करून दाखवायचं?"

त्याला वाटलं, संपलं. त्यानं फासा उचललासुद्धा.

"आहे," ठिणगी म्हणाली. तिनं दप्तरातून गोफण काढली आणि कापडावर ठेवली.

पांढऱ्या सुती दोरीची, मध्ये विणलेली खोळ, हाताच्या घामानं दोन्ही टोकं काळी पडलेली. टकळीनं पहिल्यांदाच गप्प बसून एखाद्या वस्तूकडं बघितलं.

"ही कधी केलीस?" टकळीनं विचारलं.

"तू विचारलं नाहीस."

दुकानांच्या रांगेमागं मालट्रक उभे करायचं मोकळं मैदान होतं, शेवटी पडकी भिंत. ठिणगी शाळेनंतर तिथं जायची. पहिला दगड पुढं गेलाच नाही; तिच्या डोक्यावरून मागं जाऊन एका ट्रकच्या ताडपत्रीत बसला. त्यानंतरचे बरेचसे आकाशात. गोफणीचं एक टोक बोटात अडकवायचं, दुसरं चिमटीत धरायचं, आणि सगळी गंमत त्या चिमटीची: किंचित आधी सोडली तर दगड ढगात, किंचित उशिरा सोडली तर स्वतःच्या पोटरीवर. आई दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिनं एकदा ठिणगीचं सुजलेलं बोट उजेडात धरून दाबून पाहिलं होतं.

"मोडलेलं नाही. कशानं झालं?"

"अभ्यासानं."

"असा अभ्यास मी पण केला असता तर," आई म्हणाली आणि पट्टी बांधून कामाला गेली.

जुने गोफणवाले आपल्या गोळ्यांवर शत्रूला दोन शब्द कोरून पाठवायचे, हे वाचल्यापासून ठिणगी दगडांवर खडूनं लिहायची. दादाचीच वाक्यं. 'जरा इतिहास वाच.' 'समतोल नको का?' 'टण्.' भिंतीच्या पायथ्याशी त्याच्या वाक्यांचा ढीग झाला होता. नेम बसायला लागला तो रागामुळं की सरावामुळं, हे तिला सांगता आलं नसतं. पण बसायला लागला.

"आणि मारणार कशावर?" दादानं विचारलं. त्याच्या आवाजात अजून थोडी मजा शिल्लक होती.

ठिणगीनं भिंतीकडं बोट केलं.

भिंतीवर दादाचं चिलखत टांगलेलं होतं. छातीवरचा एकच भाग, पण त्यानं कॉलेजात असताना स्वतः ठोकून घडवलेला. पत्र्याची जाडी खऱ्या जुन्या चिलखताएवढीच आहे, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. काचेची जाडी मोजायच्या यंत्रानं मोजून दाखवायचा. दुकानातली ती एकच वस्तू होती जिच्यावर कधी धूळ नसायची.

"ते नाही," दादा म्हणाला.

"का? जाडी खरी नाहीये का?"

टकळीनं श्वास आत ओढला. शिडी उठून आधीच दाराशी गेली होती.

दादानं चिलखत स्वतःच काढलं. ते छातीशी धरून तो मैदानात आला, आणि काचा येतात त्या लाकडी खोक्यांपैकी एक भिंतीपाशी उभं करून त्यावर बांधलं. गाठ त्यानं नीट मारली. ठिणगीनं तुकड्यांच्या पेटीतून एक काच आणली होती, पोत्यात गुंडाळून. ती तिनं चिलखताच्या आतल्या बाजूला, जिथं माणसाची छाती असते तिथं सरकवली.

"हे काय?"

"सरदार," ती म्हणाली.

पहिला दगड खोक्याच्या कडेला लागून उडाला. "हं," दादा म्हणाला. दुसरा चिलखताच्या वरून गेला. शिडीनं डोळे मिटून घेतले. ठिणगीनं तिसरा दगड निवडायला वेळ घेतला. त्याच्यावर 'पाखरं' एवढंच लिहिलेलं होतं. खोळीत ठेवला, दोर ताणून बघितला, पाय फाकवले. पुलावर सरदार उभा होता. एकच मोठा फेरा, आणि चिमटी सुटली.

टण् असा आवाज नाही झाला. आवाज जड होता, पोटात बसल्यासारखा, आणि त्याच्या मागोमाग पोत्यात काहीतरी बारीक ओतल्यासारखं.

टकळी धावत गेली. "आरपार नाही गेला," ती तिथून म्हणाली. "नुसता पोचा आलाय. चांगला वाटीएवढा."

"बघ," दादा म्हणाला. "आरपार..."

"आत बघ," ठिणगी म्हणाली.

शिडीनं पोतं ओढून काढलं आणि तोंड उघडून सगळ्यांसमोर धरलं. आत काच म्हणावी असं काही राहिलं नव्हतं. चिलखताचा खांद्याजवळचा एक रिव्हेट उडाला होता आणि पट्टा लोंबत होता.

"माणसाच्या बरगड्या काचेच्या नसतात," दादा म्हणाला.

"लोखंडाच्या पण नसतात."

दादानं खाली पडलेला दगड उचलला, उलटून वाचला आणि खिशात टाकला. मग तो बोलला ते नेहमीच्याच आवाजात, समजूतदार. "ठीक आहे. इतिहास तुझ्या बाजूनं. मान्य. पण समतोल..."

"अरे दादा, एक काहीतरी धर ना," शिडी म्हणाली. शिडी, जी कधी कुणाच्या बाजूनं बोलत नाही. "दर वेळी काय हे? तिनं इतिहास आणला की तुला समतोल हवा, समतोल आणला की इतिहास. मग तिनं जिंकायचं कधी?"

"आणि मी एवढे चमचे झेलले ते काय उगाच?" टकळी म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

दादा खोक्याकडं वळला. त्यानं खोक्यावरची गाठ सोडवायला घेतली. त्याची बोटं काचेच्या बारीक कापांनी भरलेली होती, बाबांसारखीच, आणि गाठ काही सुटेना.

"आठ बाजूंचा," तो पाठमोराच म्हणाला. "दिला."

टकळीनं ठिणगीला मिठी मारून उचललंच. शिडीनं गोफण हातात घेऊन हवेत दोनदा फिरवली आणि स्वतःच्या कानावर मारून घेतली. दोघी घरी जायच्या रस्त्यानं अजून ओरडत होत्या तेव्हा ठिणगी दुकानात परत आली. चेहरा बघायचा राहिला होता. दादानं मैदानात तो दाखवलाच नव्हता, आणि ती एवढ्यासाठीच तर महिने महिने दगड मारत होती.

दादा टेबलाशी बसला होता. चिलखत पालथं, खाली वाळूची पिशवी, हातात लाकडी हातोडी. पोच्याच्या कडेनं हलके हलके ठोके. त्यानं वर पाहिलं नाही.

"मजा आली?"

"हो."

"यायलाच हवी."

ती टेबलावरचे फासे गोळा करायला लागली. चेहरा तिला दिसत होता आता. पडलेला नव्हता. नुसता दमलेला होता, दुकान बंद करताना असतो तसा, आणि ते काही तिला हवं होतं ते नव्हतं. तिनं एक फासा मुद्दाम आपटून ठेवला. कापडावर त्याचा आवाज झाला नाही.

"शिडी नेमकं बोलली," दादा म्हणाला. "कधी इतिहास, कधी समतोल. मला वाटायचं कुणाच्या लक्षात येत नाही."

"पहिल्या दिवसापासून आलंय लक्षात. चीटिंग आहे ती."

"आहे. चांगली आहे ना पण? समोरचा भांडतच नाही शेवटी, थकून जातो." ठोके चालू राहिले. "माझी नाहीये ती. मी फक्त शिकलो."

"कुणाकडून?"

"मामांकडून."

वर घरात कुणीतरी खुर्ची सरकवली. बाबा दुपारची झोप झाल्यावर खिडकीशी बसायचे.

"मागच्या उन्हाळ्यात मला एका संग्रहालयात घेत होते," दादा म्हणाला. "जुनी शस्त्रं असतात तिथं. साफ करायची, जोडायची, कुठल्या काळातली ते शोधायचं. दोन वर्षं शिकवतात, मग तिथंच काम. लांब आहे, पण राहायला देतात. मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, इतिहासानं कुणाचं घर चाललंय का, जग असं नसतं बाबा. मग मी दाखवलं त्यांना, काम पक्कं असतं, घर चालतं. सगळं नीट ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, बरोबर आहे तुझं."

"मग?"

"मग म्हणाले, घरात समतोल नको का? तुला एवढं लांब पाठवलं तर उद्या तिलाही पाठवावं लागेल. आणि तिला कसं पाठवणार? म्हणजे तूही नको."

"ती कोण?"

दादानं पहिल्यांदा वर पाहिलं.

ठिणगीच्या मुठीत फासे होते. ते तळहाताला टोचायला लागले तेव्हा तिच्या लक्षात आलं की मूठ आवळलेली आहे.

"मी कधी म्हटलं मला जायचंय?"

"तुला कुणी विचारलंच कुठं?"

"तू तरी विचारायचंस."

"विचारून काय झालं असतं? तेव्हा तू नववीत होतीस. मामांनी तुझं नाव नुसतं भिंतीसारखं वापरलं, आणि मी भिंतीवर चिडलो." त्यानं अंगठ्यानं पोचा दाबून पाहिला. "तू तर समोरच असायचीस. पुलावर पण तूच होतीस."

"म्हणजे माझी मांजर तू म्हणून मारलीस."

"नाही," तो म्हणाला. आणि दोन ठोक्यांनंतर, "हो. नऊ पडले नव्हते. तीन पडले होते. आडोशामागं कोण बघतंय."

दुकान एकदम फार नीटनेटकं वाटायला लागलं. काचा एका ओळीत, कागद एका मापाचे. ठिणगीला ओरडायचं होतं आणि त्यासाठी लागणारं सगळं आत तयार होतं, शिव्यांसकट. पण ते बाहेर येताना वाट चुकायला लागलं, तिच्या पहिल्या दगडांसारखं. नेम दादावर, आणि जात होतं भलतीकडंच, जिन्याच्या दिशेनं, वर.

तिला मागच्या महिन्यातलं आठवलं. काच कापायचं पेन तिनं हातात घेतलं होतं, आणि बाबांनी हसत काढून घेतलं होतं. हात कापून घेशील, काच जड असते. हातमोजे घालते म्हटल्यावर, अगं मग दादानं काय करायचं? ती खांदे उडवून शाळेत निघून गेली होती. भांडलीसुद्धा नव्हती. थकून गेली होती.

"मी तिला परत आणतो," दादा म्हणाला. "पुलाखाली नदी होती. वाहत गेली, कुणीतरी बाहेर काढली..."

"नको."

"खरंच आणतो."

"मेली ती मेली. तिच्या जिवावर तुला बरं नाही वाटून घेता येणार."

दादानं मान हलवली. हे त्याला पटल्यासारखं दिसलं.

"अजून घेतायत का तिथं?" तिनं विचारलं.

"कुठं? हां. दरवर्षी घेतात. या महिन्याअखेरपर्यंत." तो थांबला. "का?"

तिनं फासे डब्यात ओतले, झाकण लावलं. आठ बाजूंचा एक बाहेर राहिला होता, तो त्याच्यासमोर सरकवून दिला आणि जिना चढून गेली. एकेक पायरी सोडून.

आई नुकतीच कामावरून आली होती. ओळखपत्राची दोरी अजून गळ्यात, हातात चहाचा कप. बाबा खिडकीशी बसून बोटाला चिकटपट्टी लावत होते.

"झाला का खेळ?" बाबा म्हणाले. "काय ते दणादण चाललं होतं मागं?"

"बाबा, मला काच कापायला शिकवा."

"परत आलं का डोक्यात?" ते प्रेमानंच म्हणाले. "बाळा, काच जड असते. आख्खी काच उचलायला दोन गडी लागतात. हे काय खेळातलं आहे का?"

"शिडीनं आणि मी मिळून गेल्या सुट्टीला मागची मोठी काच हलवली. ओरखडासुद्धा आला नाही. तुम्ही दादाला शाबासकी दिलीत."

आईनं कप तोंडापासून खाली घेतला. बाबांनी चिकटपट्टी दातानं तोडली आणि बोटावर गुंडाळली. मग त्यांचा चेहरा मऊ झाला. ठिणगीनं तो ओळखला. खालच्या आडोशामागं हाच चेहरा ती वर्षभर बघत आली होती, फक्त वयानं लहान.

"बरं, शिकशील," ते म्हणाले. "हुशार आहेस तू, मी नाही कुठं म्हणतोय? पण घरात सगळ्यांचं बघावं लागतं गं. तू टेबलाशी उभी राहिलीस तर मग दादानं..."

त्यांनी वाक्य पुरं करावं म्हणून ती थांबली. ते पुरं झालं नाही. आई बाबांकडं बघत होती, रिपोर्ट वाचताना बघते तशी, उजेडात धरून.

जिन्यावर दादाची पावलं वाजली आणि मध्येच थांबली. ठिणगीनं वळून पाहिलं नाही. तो ऐकत असला तर ऐकू दे. त्याच्यावरचा राग तिचा तिच्याजवळ होता, पूर्ण, आणि त्यातला चिमूटभरही ती आज सोडणार नव्हती. पण तो खालचा हिशेब होता. हा वरचा.

तिनं आईच्या शेजारची खुर्ची ओढली पण बसली नाही, खुर्चीच्याच पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"दादा या महिन्यात संग्रहालयात जातोय," ती म्हणाली. "उद्यापासून शाळा सुटली की टेबलाशी मी उभी राहणार. आणि पुढं कधी मलाही लांब जावंसं वाटलं, तर मी जाणार. तेव्हा दादा इथं नसेल बाबा. मला अडवायला तुम्हाला तुमचं स्वतःचं कारण शोधावं लागेल."